मागच्या चोवीस तासांत

बेळगुंदीच्या वरच्या आळीत, तिसरं घर.
टॅबच्या काचेवर रताळ्याच्या रानातली लाल धूळ.
बोटानं पुसायला जावं
तर एखादा पर्याय आपोआप निवडला जातो.
मघाशी एका घरात मी अशीच
चुकून चार अंडी नोंदवली.

भाषा निवडा: कन्नड, हिंदी, इंग्रजी.
मी कन्नड दाबते, मराठीत विचारते,
बाळाक्का दोन्हींच्या मधून उत्तर देते,
"काल? काल काय खाल्लं की.
खाल्लंच असंल. उपाशी निजलो न्हाई एवढं ठाव हाय."

प्रशिक्षणात सांगितलं होतं, घाई करू नका,
माणसाला कालच्या उठण्यापासून
हाताला धरून परत चालवत आणा.
उठल्यावर काय?
चहा.
दुधाचा?
म्हस आटल्या.
मग?
मग रान.
रानात काय खाल्लं?
ती आधी हसते, तोंडावर हात ठेवून.
एक रताळं. कच्चंच.
काढताना कुदळीचा घाव बसलेलं,
बाजारात चालत न्हाई ते.
धुतलं होतं?
पदरानं.

यादीत रताळं आहे.
उकडलेलं, भाजलेलं, तळलेलं.
पदरानं पुसलेलं नाही.
मी 'इतर' दाबते.
सकाळपासून या 'इतर'मध्ये किती काय साठलंय:
कारळ्याची चटणी, आंबिलीच्या तळाचा घोट,
सासऱ्याच्या ताटात उरलेली भाकरीची कड,
आणि एका बाईचं नुसतंच
"पोरं जेवली, तितक्यात भरलं."

आता फोटो.
ताटाशेजारी रुपयाचं नाणं ठेवायचं,
त्यावरून यंत्राला कळतं भाकरी केवढी.
बाळाक्का ताट उचलून आत जाते.
बाहेर येतं ते ताटच वेगळं,
भाकरी बिनफाटक्या कडांची, वर लोण्याचा गोळा,
शेजारच्या शांतव्वाकडून आणलेला, मागच्या दारानं.
"सरकारी फोटूत कोरडं कसं दिसायचं गं?"
अशा लोण्याला मॅन्युअलच्या अकराव्या पानावर
एक लांबलचक नाव आहे.
आमच्या वडगावात लाज म्हणतात.
कधी कधी पाहुणचारसुद्धा.

टॅब विचारात पडतो, गोल गोल फिरतो,
मग जाहीर करतो:
डोसा. खात्री एक्क्याऐंशी टक्के.
"काय म्हणूलाय त्यो?"
डोसा म्हणतोय.
"म्हणू दे. लांबचा असंल बिचारा."

दुसरा फोटो काढायला जाते तर नाणं नाही.
ते मुठीत घेऊन नातू रवळू
देवळामागच्या दुकानात पोचलाही असेल.
भाकरी पडून आहे मापाशिवाय.
केवढीही असू शकते आता.

रवळू परत येतो, एक लिमलेटची गोळी घेऊन.
सदऱ्याच्या टोकात धरून
चिमणीच्या दातांनी तोडतो. कट्.
तुकड्यांकडे बघत जरा वेळ अडतो.
एक आजीला. एक मला.
स्वतः सदऱ्याला चिकटलेला भुगा
सदऱ्यासकट चोखत बसतो.
नोंदीचं किमान वजन पाच ग्रॅम,
त्याखालचं यंत्र धरत नाही.
मीही विचारत नाही.

बसची वाट बघताना रेंज येते,
पहिल्यांदा पलीकडल्या राज्याच्या टॉवरची, मग आपली.
नोंदी एकेक करून वर जाऊ लागतात.
शांतव्वाचं लोणी जातं.
एक्क्याऐंशी टक्के डोसा जातो.
मघाच्या घरातली ती चार अंडी
खोडायची राहिलीत.
'काढून टाका'च्या वर बोट आणून
मी बसली आहे केव्हाची.
गालात अजून आंबट लागतंय.